पत्र कोण वाचणार?

१९१५ साली फ्रान्सच्या खंदकातून हिंदी शिपायाने घरी धाडलेलं पत्र त्याच्या बायकोपर्यंत बऱ्याच हातांतून फिरून पोचे. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे, म्हणून पलटणीतला एखादा लिहिता-वाचता सोबती ते लिहून देई. शिपाई सांगेल तसं, आणि पुष्कळदा स्वतःच्या वळणाने. मग पलटणीतला गोरा अधिकारी त्यावर नजर टाकी. पुढे बुलोन बंदरातली सेन्सॉरची कचेरी. तिथून सुटलं की आगबोटीने मुंबई, आणि मुंबईहून गाव. गावात टपालवाला, शाळामास्तर नाहीतर शेजारचा शिकलेला पोरगा ओसरीवर बसून ते मोठ्याने वाची. सासरा, दीर, चुलत्यांची माणसं ऐकत. जिच्यासाठी एखादी ओळ असलीच, तर ती बाई दाराआड उभी.

युद्धातल्या पत्रांविषयी बोलताना आपलं सगळं लक्ष लिहिणाऱ्यावर असतं. तो किती धीराचा, किती हळवा, त्याने मरण किती उघड सांगितलं, किती झाकलं. त्याच्या पत्राला आपण त्याच्या मनाचा आरसा मानतो आणि आरशात काही दिसलं नाही की माणूसच अबोल होता असं ठरवून मोकळे होतो. मला हे पटत नाही. शिपायाचं बायकोला लिहिलेलं पत्र किती खरं बोलेल, हे आघाडीवर ठरत नाही. ते घरी ठरतं. बायकोला स्वतः वाचता येतं का, एकटीला वाचता येतं का आणि उलट लिहिता येतं का, यावर ठरतं.

ती बुलोनची कचेरी आधी पाहू, कारण या पत्रांबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं तिच्यामुळे. १९१४ च्या अखेरीस ती उभी राहिली. गदर चळवळीचा मजकूर हिंदी शिपायांच्या हाती पडतो आहे, अशी सरकारला धास्ती होती. हिंदुस्थानात नोकरी केलेला इव्हलिन हॉवेल हा अधिकारी तिचा प्रमुख झाला. १९१५ च्या मार्चच्या सुमारास हिंदी फौजेतून आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं सुटत होती. इतकी वाचणं मूठभर माणसांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून थोडी निवडायची, त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवायचे, वर फौजेच्या मनःस्थितीचा अहवाल जोडायचा आणि वरिष्ठांकडे पाठवायचा, असा क्रम पडला. मूळ पत्रं बहुतेक पुढे रवाना झाली आणि घराघरांत वाळवी, पाऊस आणि चूल यांच्या स्वाधीन झाली. उतारे मात्र लंडनच्या सरकारी दप्तरात टिकले. त्यांतले शेकडो निवडून डेव्हिड ओमिसी या इतिहासकारांनी १९९९ साली पुस्तक केलं. पत्र ज्याने पाहू नये त्यानेच ते आपल्यासाठी जपून ठेवलं, असा हा प्रकार आहे.

आपली पत्रं फोडली जातात हे शिपायांना ठाऊक होतं. म्हणून काहींनी युक्त्या काढल्या. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत चालली आहे असा निरोप वाचून घरच्या जाणत्या माणसाने समजायचं की आपली माणसं पडताहेत, धाकट्याला भरतीला पाठवू नका. सेन्सॉरला ही चलाखी केव्हाच कळली होती. त्याला कळली म्हणून तर ती आज आपल्यापर्यंत आली. पण मिरीची ही भाषा मुख्यतः पुरुषांच्या आपसातली. बायकोशी असा संकेत करायचा, तर आधी दोघांना निवांत बसून तो ठरवायला हवा आणि नंतर तिलाच पत्र वाचता यायला हवं. एकत्र कुटुंबात या दोन्ही गोष्टी महाग होत्या.

जपून राहिलेल्या पत्रांत थेट बायकोच्या नावाची पत्रं थोडी आहेत. बाप, भाऊ, मित्र, गावचा मुखिया यांना लिहायचं आणि त्यातच घरच्या माणसांची खुशाली विचारायची, ही रीत. बायकोला पत्र गेलंच, तरी त्यात हिशेब जास्त. पैसे पोचले का, कोणाच्या हाती दिले, म्हैस व्याली का, बैल विकू नको, अमक्याने उसने नेलेले परत केले का, पोराला शाळेत घाल. लढाईच्या सुरुवातीला शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये होता. त्यातला प्रत्येक रुपया कुठे गेला हे सात समुद्रापलीकडून विचारणाऱ्याची काळजी समजण्यासारखी आहे. आपल्याकडचा जुना मायनाही या रीतीला धरूनच होता. नवरा बायकोला ‘चि. सौ.’ लिहून आशीर्वाद द्यायचा, जसे मुलांना देतात तसेच. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदाला तो मायना शोभून दिसे.

इथे एक सोयीचं वाक्य जिभेवर येतं: त्या पिढीचं प्रेम शब्दांत नव्हतं, म्हशीच्या चौकशीत होतं. आपण आपल्या आजोबांबद्दल असं फार आवडीने बोलतो. त्यात थोडं तथ्यही असेल. पण या वाक्याने एक गोष्ट झाकली जाते. माणूस अबोल असणं वेगळं आणि त्याला बोलायला जागाच नसणं वेगळं. ज्याचं प्रत्येक वाक्य आधी लेखनिकाला, मग साहेबाला, मग बापाला आणि भावाला ऐकू जाणार, तो म्हशीबद्दल लिहील नाहीतर कशाबद्दल? त्याच्या गप्प राहण्याला सखोल वगैरे म्हणण्यात मला आपला आळस दिसतो. दोघांमध्ये बसलेली चार माणसं उठवली असती तर तो काय बोलला असता, याची कल्पना करण्यापेक्षा त्याच्या मौनाचं कौतुक करणं सोपं पडतं.

आणि ही कल्पना करायला फार लांब जावं लागत नाही. त्याच लढाईत, त्याच देशात, त्याच्यासारखीच शेतकरी जोडपी दुसऱ्या परिस्थितीत पत्रं लिहीत होती.

पॉल आणि मारी पीरो हे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागातलं शेतकरी जोडपं. लढाई सुरू झाली तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पॉल तोफखान्यात गेला, १९१६ साली वर्दूंच्या लढाईत होता, पुढे इटलीच्या आघाडीवरही गेला. मारी घरी, सासू-सासरे आणि शेतीसह. मार्था हॅना या इतिहासकार बाईंनी त्यांच्या पत्रव्यवहारावर २००६ साली पुस्तक लिहिलं. लढाईच्या काळात दोघांनी मिळून एकमेकांना दोन हजारांवर पत्रं लिहिली. ही दोघं काही लेखक नव्हेत. गावच्या शाळेत शिकलेली, पुढे फारसं न शिकलेली. पण दोघांना लिहिता येत होतं, आणि फ्रान्समध्ये आघाडीवरच्या सैनिकाच्या पत्राला टपालखर्च पडत नसे.

या पत्रांत गव्हाचा आणि गुरांचा विषय येतोच; शेतकऱ्याच्या पत्रात तो यायचाच. पण त्याच पत्रांत मारीचं गरोदरपण आहे, १९१६ च्या उन्हाळ्यातलं बाळंतपण आहे, बाळाला अंगावर पाजावं की नाही आणि कसं, याची नवरा-बायकोत झालेली लांबलचक चर्चा आहे. एकमेकांच्या देहाची ओढ आहे. गावातला कोण रजेवर आला, कोण आडून बसला, कोणाचा मुलगा वशिल्याने मागे राहिला, यावरचा राग आहे. आणि वर्दूं आहे. तिथला चिखल, प्रेतं आणि तोफांचा भडिमार पॉलने बायकोपासून झाकून ठेवला नाही. आपल्याला वाटतं, गरोदर बाईला असं कोण लिहील? त्याने लिहिलं, कारण ती विचारत होती आणि त्याला सांगायला दुसरं माणूस नव्हतं.

पॉल पीरो एखाद्या साताऱ्याच्या किंवा जालंधरच्या शिपायापेक्षा जास्त प्रेमळ होता, असं मानायला मला काही कारण दिसत नाही. फरक त्याच्यात नाही, मारीत आहे. फ्रान्सने १८८१-८२ साली केलेल्या कायद्यांनी मुलगे आणि मुली दोघांनाही प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. त्या शाळांचं श्रेय जूल फेरी या मंत्र्याला देतात. त्या कायद्यांमागे प्रजासत्ताकाचं राजकारण होतं, पाद्र्यांशी भांडण होतं. आघाडीवरच्या नवऱ्याचं पत्र एकटीने वाचणारी बायको कोणाच्याच हिशेबात नव्हती. तीस-पस्तीस वर्षांनी ती या कायद्यांचा परिणाम म्हणून समोर आली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. इंग्लंडमध्येही बायका साक्षर होत्या. तरी इंग्रज सैनिकांची पत्रं कशी असत? पॉल फसेल या अमेरिकी समीक्षकाने १९७५ साली पहिल्या महायुद्धावर लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकात असं मांडलं की आघाडीवरच्या माणसाला घरच्यांशी खरं बोलता येईना. भाषाच अपुरी पडली, वरवरच्या ठरावीक शब्दांनी मधली जागा भरली. त्याने पुरावा म्हणून दाखवलेल्या वस्तूंत एक छापील कार्ड आहे. मी खुशाल आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुझं पत्र मिळालं, अशा ओळी आधीच छापलेल्या. नको ती ओळ खोडायची, खाली सही आणि तारीख टाकायची. याहून एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट करू, अशी तंबी वरच छापलेली. साक्षर माणसालाही ते कार्ड निरक्षराच्या पायरीवर आणून बसवतं.

पण या कार्डाकडे नीट पाहिलं तर ते माझ्याच बाजूने साक्ष देतं. सरकारला सैनिक लिहील याची भीती होती, कारण घरी वाचणारं कोणीतरी होतं. वाचणारी नसती तर कार्ड छापायची गरजच नव्हती. कवी विल्फ्रेड ओवेनने आईशी ठरवून ठेवलं होतं की एक ठरावीक ओळ दोनदा खोडली तर आपण आघाडीवर आहोत असं समज. आई वाचत होती म्हणून खोडलेल्या ओळीतूनही बोलता आलं. १९१५ पासून इंग्रज सैनिकांना अधूनमधून हिरवं पाकीट मिळू लागलं. आत फक्त घरगुती मजकूर आहे असं सही करून सांगायचं, मग ते पलटणीत फोडलं जात नसे. तळावर फोडलं गेलं तर जाई. हे पाकीट सैनिकांना फार हवं असे. त्यांना सेन्सॉर या यंत्रणेची जितकी अडचण नव्हती तितकी आपल्याच तुकडीच्या अधिकाऱ्याने पत्र वाचण्याची होती. अनोळखी कारकुनाने वाचलेलं चालतं. ज्याच्यासमोर उद्या सकाळी रांगेत उभं राहायचं, त्याने वाचलेलं चालत नाही. गावाकडच्या ओसरीवर तर सगळे ओळखीचेच.

हिंदी शिपायाला हा फरक दिसत होता का? दिसत होता, आणि याचा पुरावा त्या बुलोनच्या उताऱ्यांतच आहे. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हलवलं, पण घोडदळ १९१८ पर्यंत तिथेच होतं. खेड्यांतून, फ्रेंच शेतकऱ्यांच्या घरांतून त्यांचे मुक्काम पडत. त्या घरातला मुलगा किंवा नवरा आघाडीवर असे. टपालवाला येई आणि घरची बाई पाकीट फोडून स्वतः वाची, रडायचं असेल तर रडे, मग टेबलाशी बसून उत्तर लिही. शेत, हिशेब, बाजार सगळं तीच पाही. हे पाहून कित्येक शिपायांनी घरी लिहिलं की मुलींना शाळेत घाला. आपल्याकडच्या बायकांना आपण काय करून ठेवलं आहे, अशा सुरात लिहिलं. दागिन्यांवर पैसा उधळण्यापेक्षा शिकवा, असंही. समाजसुधारकांचे ग्रंथ या माणसांनी वाचले नव्हते. दुसऱ्याच्या बायकोच्या हातात दुसऱ्याचं पत्र त्यांनी पाहिलं होतं आणि आपलं पत्र गावात कसं वाचलं जातं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभरात जेमतेम एका बाईला लिहिता-वाचता येत होतं.

या आकड्याला महाराष्ट्रात एक फाटा फुटतो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्याच्या फौजेत महार मोठ्या संख्येने होते. फौजेत शिपायांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती, आणि हे शिक्षण मुलगे-मुली दोघांनाही सक्तीचं होतं, असं बाबासाहेब आंबेडकरांनी नोंदवलं आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ स्वतः फौजी शाळेत मास्तर होते. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं राहू देत नसत, त्यांच्या लेकी पलटणीच्या लाइनीत पाटी घेऊन बसत होत्या. म्हणजे नवऱ्याचं पत्र वाचू शकणारी शिपायाची बायको महाराष्ट्रात अशक्य नव्हती. फौजेनेच तिला थोडी जागा करून दिली होती. मग १८९२-९३ च्या सुमारास ‘लढाऊ जातीं’चं खूळ सरकारच्या डोक्यात शिरलं आणि महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, ते भरतीसाठी. त्या अर्जांत नोकरी आणि मान यांची मागणी आहे. पण भरतीबरोबर शाळाही गेली होती, हे त्या मागणीच्या पोटात होतं. १९१७ साली माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली मोडून टाकली. चार वर्षांत पलटण उभी राहते. वाचणारी पिढी उभी राहत नाही.

मराठीत बायकोने नवऱ्याला लिहिलेली पत्रं नाहीतच असं नाही. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. दुष्काळ, आजारपण, गावातलं भांडण, आपलं काम. त्यांच्या स्वरात जो बरोबरीचा भाव आहे तो शिकलेल्या हाताचा आहे. ओसरीवर वाचून दाखवायला ती लिहिलेली नाहीत.

मेसोपोटेमियातली कुतची गोष्ट या मुद्द्याला अगदी टोकाला नेते. सहावी म्हणजे पुण्याची डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारात वेढ्यात अडकली आणि शेवटी शरण गेली. तीत मराठा पलटणी होत्या. तीत कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली डॉक्टरही होते. वेढा पडण्याआधी त्यांनी घरी आईला लिहिलेल्या पत्रांत या लढाईवर आणि देशाभिमानाच्या नावाने दुसऱ्याचा मुलूख घेण्यावर कडक टीका आहे. ते कैदेत वारले. त्यांची आजी मोक्षदा देवी यांनी ती पत्रं घेऊन १९२८ साली बंगालीत नातवाचं चरित्र लिहिलं. त्याच वेढ्यात घोड्याचं मांस खावं की न खावं या पेचात सापडलेल्या, नंतर वाळवंटातून पायी हाकलत नेलेल्या मराठा शिपायांना लढाईबद्दल काही म्हणायचंच नव्हतं, असं कोण म्हणेल? त्यांच्या बहुतेकांच्या घरी पत्र वाचून जपणारी आणि त्यावर पुस्तक लिहिणारी आजी नव्हती. आपल्या कित्येक गावांत १९१४-१९ च्या लढाईची एक शिळा आहे. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढंच तीवर. नावं नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात चित्र थोडं हललं. त्या वेळी सेन्सॉरच्या अहवालांत शिपायाच्या पत्राइतकंच घरून आलेल्या पत्राला महत्त्व आलेलं दिसतं. १९४२-४३ मध्ये महागाई भडकली, बंगालमध्ये दुष्काळ पडला, इतर भागांतही धान्य मिळेना. हे सगळं इटलीत आणि आफ्रिकेत बसलेल्या जवानाला घरच्या पत्रांतून कळत होतं. पाठवलेले पैसे पुरत नाहीत, सावकार दारात बसतो, दीर जमीन बळकावतो. असं पत्र वाचलेला माणूस लढाईत लक्ष घालीत नाही, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सैनिक बोर्डांकडे तक्रारी वळवण्याची धावपळ झाली. ही पत्रंही बहुधा दुसऱ्यानेच लिहून दिलेली. तरी बायकोच्या तक्रारीत सरकारला हलवण्याइतकी ताकद आहे हे पहिल्यांदा कागदावर आलं. शूराची पत्नी धीराने वाट पाहते, या चित्रापेक्षा मला ही धान्याच्या भावाने संतापलेली बाई अधिक खरी वाटते.

धीराने वाट पाहणाऱ्या पत्नीचं चित्र राष्ट्रांना का आवडतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या एका पत्रात आहे. मेजर सलिव्हन बलू हा ऱ्होड आयलंडचा वकील. १४ जुलै १८६१ रोजी त्याने पत्नी सारा हिला पत्र लिहिलं. आठवडाभराने बुल रनच्या पहिल्या लढाईत तो घायाळ झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. पत्र त्याने टाकलंच नव्हतं. ते त्याच्या सामानात सापडलं. १९९० साली केन बर्न्स यांच्या यादवी युद्धावरच्या मालिकेत ते संक्षेप करून वाचलं गेलं आणि अमेरिका हळहळली. पत्र सुंदर आहे, यात वाद नाही. देशाचं ऋण आणि पत्नीचं प्रेम यांच्यामधली ओढाताण त्यात आहे. पण त्याच्या प्रसिद्धीचं एक कारण मला वेगळं दिसतं: त्याला उत्तर नाही. साराला उलट लिहायची संधीच मिळाली नाही. दोन मुलं घेऊन ती राहिली, पुन्हा लग्न केलं नाही, १९१७ साली वारली. जिथे बायको उत्तर देते तिथे पत्र बिघडतं. ती विचारते, रजा का मिळत नाही, तू स्वतःहून का पुढे गेलास, पैसे कमी का आले. मारी पीरोच्या पत्रव्यवहारावर मालिकेत गहिवर आणणं अवघड आहे, कारण त्यात दोघं बोलतात. राष्ट्राला एकट्याचा आवाज हवा असतो. आपल्याकडेही शहीद जवानाचं शेवटचं पत्र छापून येतं, आणि त्याआधी महिन्याभरात बायकोने त्याला काय लिहिलं होतं हे कोणी विचारत नाही.

आता आपल्याकडच्या, अजून हाताशी असलेल्या पत्रांकडे येतो. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावांत १९६५ आणि १९७१ च्या लढायांना गेलेल्यांच्या बायका आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ट्रंकेत ‘द्वारा ५६ एपीओ’ असा पत्ता असलेली आंतर्देशीय पत्रं आहेत. या पत्रांचा वाचक कोण होता? १९५१ साली देशात शंभरात नऊ बायकांना लिहिता-वाचता येत होतं, आणि त्याच काळात या बायका लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यामुळे अनेक घरांत मास्तरांच्या जागी आता पोटचंच पोर आलं. तिसरी-चौथीतली मुलगी बापाचं पत्र आईला वाचून दाखवायची आणि आई सांगेल ते उत्तर लिहायची. ओसरी रिकामी झाली, पण एकांत मिळाला नाही. आता बाप पोरीच्या डोळ्यांसाठी लिहू लागला, ठळक अक्षरात, अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको. आणि आईला पोरीच्या हातून जे लिहवेना ते राहून गेलं. हा वाचक सेन्सॉरपेक्षा प्रेमळ होता. सेन्सॉर मात्र तोही होता.

ही पत्रं गोळा करावीत, विद्यापीठांनी, सैनिक कल्याण कार्यालयांनी, जमेल त्याने. याबद्दल दुमत नसावं. अडचण येते ती घरच्यांकडून, आणि ती खोटी नसते. पत्रांत वाटणीचे वाद आहेत, नावानिशी आहेत, आणि ज्यांची नावं आहेत त्यांची नातवंडं शेजारी राहतात. मुलगा म्हणतो, शौर्याचं तेवढं घ्या. संग्राहक म्हणतो, सगळंच हवं. दोघांचं म्हणणं मला कळतं. पण दोघांपैकी एकाचंही पत्र ते नव्हे. ज्या बाईला ही पत्रं आयुष्यात कधी एकटीने वाचता आली नाहीत, ती हयात असेल तर आधी घरच्यांना बाहेर बसवावं आणि परक्या, गावाशी संबंध नसलेल्या माणसाने ती तिला सावकाश वाचून दाखवावीत. हिरव्या पाकिटाचा अनुभव सांगतो की परक्याची लाज कमी वाटते. तेव्हा उत्तरात काय राहून गेलं होतं हे तिला सांगावंसं वाटलं तर ते लिहून घ्यावं; नवऱ्याच्या पत्राइतकाच तोही दस्तऐवज. अमुक पत्र देऊ नका म्हणाली तर देऊ नये आणि कारण विचारू नये. अशाने संग्रह बारीक होईल, त्यातली काही सर्वांत चांगली पत्रं हातची जातील, आणि इतिहासकार माझ्यावर रागावतील. बलूच्या मूळ पत्राचा आज ठावठिकाणा नाही. ते साराबरोबर पुरलं असं सांगतात. खरं असेल तर तिने योग्यच केलं.